निळी पडलेली धार: जपानी सुरी हातोडा घडवतो की आग?

आजचा भाग एका चुकीपासून सुरू होतो, आणि चूक माझी आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे ओसाकाला गेले होते. शेवटच्या रविवारी लोकल पकडून शेजारच्या सकाई शहरात गेले आणि एका छोट्या दुकानातून एक सुरी घेतली. सान्तोकू म्हणतात तो प्रकार, भाजी-मासे-मटण सगळ्याला चालणारा. किंमत सांगणार नाही, कारण आई हा पॉडकास्ट ऐकते. पात्याचा वरचा भाग काळपट, त्यावर हातोड्याच्या ठोक्यांचे खळगे. खाली चकचकीत धार. आणि दोन्हींच्या मधे एक बारीक नागमोडी रेघ, जिथे मऊ लोखंड संपतं आणि कडक पोलाद सुरू होतं.

सहा महिने ती सुरी टोमॅटोतून अशी जायची की टोमॅटोला कळायचंही नाही. मग धार उतरली. पुण्यात आमच्या गल्लीत स्कूटरवर मोटरचं चाक बसवलेला एक धारवाला येतो, त्याच्याकडे दिली. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत काम झालं. धारेच्या कडेनं एक सुंदर निळी-जांभळी रेघ उमटली होती. मला वाटलं, वा! स्टोरीसाठी फोटोसुद्धा काढला.

तिसऱ्या दिवशी सुरी टोमॅटो चेचायला लागली. परत धार लावली, परत तीच गत. सुरीवर सगळं जिथल्या तिथे होतं. हातोड्याचे खळगे होते, जपानी अक्षरं होती, लोखंड-पोलादाची रेघ होती. पण सुरी मेली होती. त्या धारवाल्याची चूक नाही. तो विळ्या-कात्र्यांना जे करतो तेच त्यानं केलं. मला मात्र एक प्रश्न चावायला लागला. हातानं घडवलेल्या सुरीतलं घडवलेलं सगळं शिल्लक असूनही ती गेली, तर मग तिच्यात नेमकं काय होतं, जे गेलं?

आज त्याचा इतिहास बघूया.

सकाई हे जुनं बंदर. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर पहिल्या बंदुका आल्या आणि थोड्याच वर्षांत सकाईचे लोहार त्या बनवायला लागले. पोर्तुगीजांबरोबर आणखी एक गोष्ट जपानात शिरली, तंबाखू. तिची पानं केसासारखी बारीक कापायला खास सुरी लागायची. सकाईच्या तंबाखूच्या सुऱ्या इतक्या नावाजल्या की पुढे तोकुगावा शोगुनांच्या सरकारनं त्यांवर 'सकाई किवामे' असा शिक्का मारायची परवानगी दिली. आयएसआय मार्क समजा! म्हणजे जपानी स्वयंपाकघरातल्या सुरीच्या घराण्यात तलवार आहेच, पण तंबाखूही आहे. रीलवाले सगळं श्रेय सामुराईंना देऊन मोकळे होतात.

तलवारीचा धागा खरा आहे, फक्त तो नंतर येतो. २८ मार्च १८७६ रोजी मेइजी सरकारनं हुकूम काढला: सैन्य आणि पोलीस सोडून कुणीही कमरेला तलवार लावायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या तलवारी घडवणाऱ्या लोहारांचं गिऱ्हाईक एका कागदानं संपलं. काहींनी धंदा सोडला, काही शेतीच्या अवजारांकडे, कात्र्यांकडे, वस्तऱ्यांकडे आणि सुऱ्यांकडे वळले. त्याच्या चारच वर्षं आधी, १८७२मध्ये, सम्राटानं गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं होतं आणि शहरांत मांस खाणं फॅशन बनत चाललं होतं. पाश्चात्त्य शेफच्या सुरीची जपानी आवृत्ती आली, तिचं नाव ग्युतो. ग्यु म्हणजे गाय-बैल. मग १९४५मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या पराभवानंतर अमेरिकनांच्या ताब्यातल्या जपानात तलवारी बनवायला पुन्हा बंदी आली, आणि काही वर्षं उरलेसुरले तलवारवालेही सुऱ्यांवर पोट भरत होते.

तर कौशल्य तलवारीकडून सुरीकडे आलं. पण त्या कौशल्यात हातोडा किती आणि आग किती? आणि हे का विचारायचं? कारण आज जगभर या सुऱ्या विकल्या जातात त्या हातोड्याच्या नावावर.

आधी हातोड्याची बाजू. जुन्या जपानात पोलाद यायचं ताटारा नावाच्या मातीच्या भट्टीतून. काळी लोहवाळू आणि कोळसा आलटून पालटून टाकत तीन-चार दिवस भाते चालवायचे आणि शेवटी भट्टी फोडून आतला भलामोठा ओबडधोबड गोळा बाहेर काढायचा. त्या गोळ्यात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी, मधेमधे मळी अडकलेली. असं पोलाद तसंच वापरलं तर एका जागी तडकणार, दुसऱ्या जागी वाकणार. म्हणून ते तापवायचं, ठोकायचं, दुमडायचं, परत तापवायचं. प्रत्येक दुमडीला थर दुप्पट. पंधरा वेळा दुमडलं की ३२,७६८ थर. (दोनचे घात पाठ असण्याचा इंजिनिअरिंगनंतर झालेला हा पहिला उपयोग.) दुमडण्यात जादू काही नव्हती. मळी बाहेर काढायची आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरवायचा, एवढ्यासाठी हा उपद्व्याप. कणिक तिंबतो तसं.

शिवाय पोलाद महाग. म्हणून पूर्ण सुरी पोलादाची करायची नाही. स्वस्त, मऊ लोखंडावर फक्त धारेपुरतं पोलाद चढवायचं. दोन्ही लालबुंद करून मधे टाकणखाराची भुकटी भुरभुरवायची आणि ठोकून एकजीव करायचं. पोलाद कापतं, लोखंड त्याला सांभाळतं. धार काढतानाही सोपं जातं, कारण घासायचा बहुतेक भाग मऊ असतो. ही काटकसरीतून आलेली युक्ती इतकी चांगली निघाली की पोलाद स्वस्त झालं तरी टिकली.

आणि पोलाद स्वस्त झालं, हाच या गोष्टीतला मोठा बदल. मेइजी काळात इंग्लंडच्या शेफील्डहून कारखान्यातलं पोलाद यायला लागलं. आतून सगळीकडे सारखं, दुमडायची गरजच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताटारा एकेक करून विझल्या. पण त्याच ताटारांच्या मुलखात, शिमाने प्रांतातल्या यासुगी गावात, १८९९ साली पोलादाची कंपनी उभी राहिली होती. पुढे ती हिताचीकडे गेली, आणि आज जपानी सुऱ्यांचं सर्वांत नावाजलेलं पोलाद तिथलं असतं. त्याला पांढरा कागद, निळा कागद अशी नावं आहेत. काही गूढ अर्थ शोधू नका, पट्टीवर ज्या रंगाचा कागद लावायचे त्यावरून पडलेली ही नावं. माझी सुरी पांढरा कागद नंबर दोनची: कार्बन १.०५ ते १.१५ टक्के आणि बाकी जवळपास नुसतं लोखंड. निळ्या कागदात टंगस्टन आणि थोडं क्रोमियम जास्तीचं घालतात, त्यामुळे धार जरा जास्त टिकते.

आता बघा, हातोड्याचं जे सर्वांत मोठं काम होतं, पोलाद शुद्ध आणि एकसारखं करणं, ते कारखान्यानं करून टाकलं. पुढे लोखंड-पोलाद आधीच चिकटवून लाटलेल्या पट्ट्याही मिळायला लागल्या. त्यांना रिकिझाई म्हणतात. म्हणजे जोडायचं कामही गेलं. 'हातानं बनवलेली' असं छापलेल्या बऱ्याच सुऱ्यांचा जन्म अशा पट्टीतूनच होतो.

मग हातोडा आता करतो तरी काय?

दुकानात मला सांगितलं होतं की ठोकल्यानं पोलाद दाट होतं, त्याचे कण एकमेकांत घट्ट दबतात. ऐकायला छान वाटतं. मी मान डोलावली आणि कार्ड स्वाइप केलं. माझं बीटेक कम्प्युटरचं. पहिल्या वर्षी वर्कशॉपमधे स्मिथीच्या जॉबला गोल सळईची चौकोनी सळई करताना बोटाला फोड आला, तेवढीच माझी लोहारकी. म्हणून मेकॅनिकलच्या एका मित्राला विचारलं. तो हसला. म्हणाला, घन पोलाद हातोड्यानं दाट होत नाही. थंड ठोकलं तर ते कडक होतं हे खरं, पण नंतर सुरी पुन्हा लाल होईपर्यंत तापवायचीच असते, आणि त्या तापमानाला आतले स्फटिक नव्यानं तयार होतात. थंड ठोक्यांनी आलेला कडकपणा तिथेच पुसला जातो. फोन फॉरमॅट मारल्यासारखा.

हातोड्याला मोडीत काढायचा मात्र माझा विचार नाही. पातं पाठीकडून धारेकडे आणि मुठीकडून टोकाकडे निमुळतं करणं त्याचंच काम. आणि आणखी एक नाजूक गोष्ट आहे. इतका कार्बन असलेलं पोलाद फार तापवलं तर त्यातले स्फटिक फुगून जाडेभरडे होतात आणि थंड होताना त्यांच्या कडांनी कार्बनच्या संयुगाची ठिसूळ जाळी बसते. अशी सुरी पुढे बिस्किटासारखी तुटते. चांगला लोहार जोडाईपुरतं जास्त तापवतो आणि मग प्रत्येक फेरीला तापमान खाली आणत ठोकतो, म्हणजे जाळी मोडते आणि दाणा बारीक राहतो. त्यानंतर पाती भाताच्या पेंढ्याच्या राखेत पुरून सावकाश थंड होऊ देतात. म्हणजे बघा, ठोकतानासुद्धा खरी नजर ठेवायची ती तापमानावरच.

आता आग. हा भाग मला सगळ्यात आवडतो, त्यामुळे जरा रमणार आहे.

राखेतून निघालेलं पातं मऊ असतं. सुरीचा आकार आहे, पण अजून ती सुरी नाही. तिच्यावर पातळ चिखलाचा थर देतात, वाळवतात. मग कामाच्या खोलीत अंधार करतात. लाल रंग उजेडात फसवतो, अंधारात खरा दिसतो. कोळशात पातं पुढेमागे सरकवत ते एका ठरावीक लालीवर आणायचं, साधारण ७८० ते ८०० अंश सेल्सिअस. वीस-तीस अंशांनी कमी पडलं तर धार नीट कडक होत नाही. तेवढंच जास्त झालं तर दाणा जाड. मग एका झटक्यात पाण्यात. चर्र! जपानीत याला याकि-इरे म्हणतात. मराठीत याला शब्द आहे: पोलादाला पाणी पाजणं. 'पाणीदार' म्हणताना आपण नकळत याच्याच जवळ असतो.

आत काय होतं? साधारण ७२७ अंशांच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि तिच्यात कार्बनला शिरायला जागा होते. सावकाश थंड केलं तर कार्बन शिस्तीत बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहतं. एकदम थंड केलं तर बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अणूंची मांडणी परत बदलायला जाते, पण मधे अडकलेला कार्बन तिला ताणून धरतो. दादरला गाडी थांबली, दार उघडलं, पण गर्दीमुळे उतरताच आलं नाही आणि दार बंद! त्या ताणलेल्या अवस्थेचं नाव मार्टेन्साइट. हाच कडकपणा, हीच धार. पांढऱ्या कागदाच्या पोलादात मिश्रधातू जवळपास नसल्यामुळे लोहाराला वेळ अगदी कमी मिळतो. लालीपासून खाली यायला सेकंदभरही फार झाला. म्हणून तेल नको, पाणी.

आणि तो चिखल का? तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकून बघितलाय ना? थेंब लगेच उडून जात नाही, तुरुतुरु पळतो, कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते. लाल पात्याभोवती तशीच वाफ धरली तर पाणी पात्याला लागणारच नाही. पातळ चिखलाचा खरबरीत थर ती गादी मोडतो. चिखलाचं आवरण असूनही पातं जास्त झपाट्यानं थंड होतं! कुणी प्रयोगशाळेत मोजण्याच्या कितीतरी आधी हे हातांना माहीत होतं.

पाण्यातून निघालेलं पातं काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ. हातातून फरशीवर पडलं तर तुकडे. म्हणून ते परत हलकंसं तापवतात, साधारण १६० ते २०० अंशांना, म्हणजे अणूंचा ताण जरासा उतरतो. आणि हे तापमान ओळखायचं कसं? पात्यावर पाण्याचे थेंब शिंपडून, ते कसे पळतात हे बघून. मघाशी नको असलेला तोच नाच इथे थर्मामीटर होतो. एवढं झालं की रॉकवेल मापावर ६१ ते ६३च्या आसपास कडकपणा मिळतो. जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८ला असतात.

आता माझी निळी रेघ आठवा. पोलाद साधारण ३०० अंशांला पोचलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा निळा पापुद्रा येतो. ज्या धारेला २०० अंशांच्या पुढे कधी जाऊ दिलं नव्हतं, ती मोटरच्या कोरड्या चाकावर क्षणात ३००ला गेली. अडकलेला कार्बन सुटला. ज्या कामासाठी एका माणसानं खोलीत अंधार केला होता, ते दोन मिनिटांत उलटं झालं. हातोड्याच्या कामाला धक्काही लागला नव्हता.

जपानी लोकांना हे उमगलेलं असावं, कारण तिथली एक दंतकथा हातोड्याची नाही, पाण्याची आहे. एका शिष्यानं उस्तादाच्या पाण्याचं तापमान समजावं म्हणून चोरून त्यात हात बुडवला आणि उस्तादानं तो हातच छाटला. खरी असेलच असं नाही. पण कंपनीचं खरं गुपित कुठे ठेवलेलं होतं, ते कळतं.

भाषेतही हे सगळं मुरलंय. म्हातारपणी कुणाची बुद्धी बोथट झाली की जपानीत म्हणतात याकि गा मावारु, म्हणजे ताव फार फिरला. नेमकं माझ्या सुरीचं झालं ते! परीक्षेच्या आदल्या रात्री घोकलेल्या ज्ञानाला त्सुकेयाकिबा म्हणतात, वरून चिकटवलेली धार. माझ्या अर्ध्या व्हायवा यावरच निघाल्या. हातोड्यालाही त्याचा वाटा मिळालाय, आणि फार गोड वाटा. उस्ताद छोट्या हातोड्यानं जागा दाखवतो आणि समोरचा घण मारतो, त्या जोडीच्या ठोक्याला आइझुची म्हणतात. आज त्याचा अर्थ आहे हुंकार. समोरचा बोलत असताना आपण 'हो', 'बरं', 'मग?' करतो ना, ते. (वाचणाऱ्यांसाठी: इथे मी टेबलावर पेनानं टिक-ठाक, टिक-ठाक वाजवून दाखवलं होतं.)

हे गुपित पाण्यातून वहीत कसं आलं, त्यातलं एक नाव सांगायलाच हवं. सान्जो हे लोहारांचं गाव, जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे, निइगाता प्रांतात. तिथले इवासाकी कोसुके, जन्म १९०३. तलवारीचं रहस्य शोधायचं म्हणून टोकियोला जाऊन आधी इतिहास शिकले. जुन्या पोथ्यांतून कृती काही हाताला लागेना, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून धातुशास्त्र शिकायला बसले. तिथे गुरू मिळाले तावारा कुनिइची, ज्यांनी जपानी तलवारी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या होत्या. इवासाकी मग सान्जोला परतले, उत्तम वस्तरे केले, आणि गावातल्या लोहारांना तापमान मोजायला आणि पोलादाचा दाणा बघायला शिकवलं. पिढीजात लोहाराला 'तुमचा डोळा चुकतोय' हे सांगायला काय धाडस लागलं असेल! इंजिनिअर म्हणून मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

आज बऱ्याच कार्यशाळांत भट्टीला तापमापक असतो, ठोकायला यांत्रिक घण असतो. काही जण अजूनही अंधार करून डोळ्यांनीच लाली ओळखतात. माझं मत विचाराल तर तापमापक लावल्यानं सुरीचा हातगुण कमी होत नाही. उलट पात्यावरचे हातोड्याचे खळगे मशिननंही उमटवता येतात आणि ६७ थरांची दमास्कस नक्षी बाहेरच्या आवरणाची असते, कापतो तो मधला एकच थर. आपण पैसे मोजतो ते दिसणाऱ्या गोष्टींचे. खरं काम झालेलं असतं त्या सेकंदभरात, आणि त्याचा फोटो निघत नाही.

सुरीचं पुढे काय झालं? मित्र म्हणाला, निळं झालं ते धारेपाशीच, वरचं पोलाद शाबूत असणार. मी पाण्यावर वापरायचा धारदगड मागवला आणि चार रविवार बाल्कनीत बसून, दगड भिजवत, हातानं ती निळी रेघ आणि तिच्या पलीकडचं थोडं घासून काढलं. सुरी दोनेक मिलिमीटरनं बारकी झाली. पाचव्या रविवारी टोमॅटो ठेवला आणि सुरी नुसती ओढली. कळलंच नाही त्याला.

आता ती आमच्या ओट्यावर मागच्या बाजूला असते. वापरून लगेच पुसायची, नाहीतर गंजते. आईला ती आवडते, पण मेथी निवडून झाली की अजून विळीच पुढे ओढते. म्हणते, तुझ्या सुरीला फार जपावं लागतं.

तुमच्या घरात असं एखादं जुनं पातं असेल, आजोबांचा अडकित्ता, आजीची विळी, तर त्याला पाणी कुणी पाजलं होतं ते घरात विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.